पाच गड्यांचे मोल

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कँटन या गावी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे एक कीर्तिमंदिर आहे. १९६३ साली ते लोकांसाठी खुले झाले. नामांकित खेळाडूंचे अर्धपुतळे, त्यांचे पोशाख, शिरस्त्राणे, विजयाची स्मृतिचिन्हे अशा पुष्कळ वस्तू तेथे पाहावयास मिळतात. परंतु या साऱ्या वैभवात इतिहासाच्या अभ्यासकाने ज्यापाशी थोडा वेळ थांबावे, असा एक साधा कागद आहे. तो एका जुन्या जमाखर्चाचा कागद. पिट्सबर्ग शहराच्या शेजारी त्या काळी अ‍ॅलेघेनी नावाचे वेगळे शहर होते. तेथील क्रीडामंडळाचा १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्गच्या क्रीडामंडळाशी सामना झाला. त्या सामन्याच्या खर्चात एक रक्कम अशी मांडली आहे की, विल्यम हेफेलफिंगर यास कामगिरीबद्दल रोख ५०० डॉलर दिले. प्रवासखर्चाचे २५ डॉलर निराळे. या खेळात पैसे घेऊन खेळल्याचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा होय. हा कागद उजेडात येईपर्यंत १८९५ साली १० डॉलर घेऊन खेळलेल्या जॉन ब्रॅलियरला पहिल्या व्यावसायिकाचा मान दिला जात असे.

हेफेलफिंगर हा येल विद्यापीठाचा गाजलेला खेळाडू. तो चेंडू घेऊन पळणारा नव्हता की चेंडू फेकणारा नव्हता. तो होता गार्ड, म्हणजे आघाडीच्या फळीतला गडी. समोरच्याला अंगाने थोपवून आपल्या साथीदाराला वाट करून देणे हे त्याचे काम. त्या दिवशी मात्र प्रतिपक्षाच्या हातून निसटलेला चेंडू त्याने उचलला आणि सीमेपार नेला. त्या वेळच्या नियमांप्रमाणे त्याचे ४ गुण मिळाले आणि सामना ४ विरुद्ध ० असा त्याच्या पक्षाने जिंकला. तेव्हा ५०० डॉलर हे गार्डच्या कामाचे मोल होते की त्या ४ गुणांचे? पैसे सामन्याआधीच ठरलेले होते; म्हणून ते गार्डचेच मोल म्हटले पाहिजे. परंतु लोकांच्या आठवणीत राहिले ते त्याचे धावणे. व्यावसायिक खेळाच्या पहिल्याच दिवशी उभा राहिलेला हा प्रश्न पुढे शंभरांहून अधिक वर्षे सुटला नाही. थोपविणाऱ्याचे काम कसे मोजावे, हा तो प्रश्न.

फुटबॉल म्हटले की आपल्याकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे पायाने खेळला जाणारा खेळ उभा राहतो. हा खेळ तो नव्हे. यात अंडाकृती चेंडू हाती धरून पळावयाचे असते किंवा हवेतून पुढे साथीदाराकडे फेकावयाचा असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी असतात. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी दोन फळ्या समोरासमोर वाकून उभ्या राहतात. चेंडू असलेल्या पक्षाच्या मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना दोन गार्ड आणि त्यांच्या बाहेर दोन टॅकल, असे पाच जण असतात. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो. तो घेणाऱ्या सूत्रधाराला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू हलताच पाच जणांचे काम सुरू होते. साथीदार पळणार असेल तर समोरच्यांना ढकलून वाट मोकळी करावयाची आणि क्वार्टरबॅक चेंडू फेकणार असेल तर त्याच्याभोवती कडे करून त्याला दोन-तीन सेकंदांची उसंत मिळवून द्यावयाची. या पाच जणांना फेकलेला चेंडू झेलण्याचा हक्क सामान्यतः नसतो. त्यांचे काम नीट झाले तर प्रेक्षकांची दृष्टी त्यांच्यावरून पुढे निघून जाते. ते चुकले तरच सर्वांना ते दिसतात.

हा खेळ आरंभापासून असा नव्हता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत पहिला आंतरविद्यापीठीय सामना झाला, तेव्हा एका बाजूस पंचवीस गडी होते आणि खेळाचे रूप पायाच्या फुटबॉलच्या जवळचे होते. त्याला आजच्या रूपाकडे वळविले ते मुख्यतः येलच्या वॉल्टर कँप याने. १८८० साली त्याच्या सूचनेवरून गड्यांची संख्या अकरा झाली आणि चेंडू एका पक्षाच्या निर्विवाद ताब्यात देऊन डाव सुरू करण्याची रीत पडली. १८८२ साली तीन प्रयत्नांत पाच यार्ड असा नियम आला. या दोन नियमांनी आघाडीची फळी जन्माला घातली. आता प्रत्येक यार्डाला किंमत आली, आणि तो यार्ड अंगाच्या बळावर मिळवावा लागे.

त्या काळात फळीतल्या एकेका गड्याचे काम वेगळे काढून पाहण्याचे कारणच नव्हते. १८९२ साली हार्वर्डने येलविरुद्ध पाचरीच्या आकाराची एक व्यूहरचना मैदानात आणली. गडी एकमेकांना बिलगून धावत येत आणि चेंडू नेणारा त्यांच्या पोटात सुरक्षित असे. हा व्यूह इतका घातक ठरला की, १८९४ साली तो नियमाने बंद करावा लागला. तरीही हाणामारी थांबली नाही. १९०५ च्या हंगामात डझनाहून अधिक तरुण खेळाडू मृत्युमुखी पडले. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले व खेळ सुधारण्याचा आग्रह धरला. १९०६ साली चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि दोन फळ्यांमध्ये मोकळी जागा ठेवण्याचा नियम झाला. १९१० साली निदान सात गड्यांनी रेषेवर उभे राहिलेच पाहिजे असे ठरले. हातात हात गुंफून चालण्यास व चेंडूवाल्याला मागून रेटण्यास बंदी आली. अशा रीतीने दाटीवाटीचा घोळका मोडला आणि फळीतला प्रत्येक गडी आपल्या समोरच्याशी जवळजवळ एकटा उभा राहिला. येथून त्याच्या कामात बळाबरोबर कसबही आले. पाय कोठे ठेवावा, खांदा किती खाली न्यावा, समोरच्याचा डाव क्षणभर आधी कसा ओळखावा, हे शिकण्याचे विषय झाले.

कसब आले म्हणजे त्याची पारख आली. पण ती करावयाची कशी? १९२० साली कँटनमध्येच एका मोटारविक्रेत्याच्या दुकानी व्यावसायिक संघांची संघटना स्थापन झाली आणि १९२२ साली तिने नॅशनल फुटबॉल लीग हे नाव घेतले. या लीगने १९३२ पासून खेळाची अधिकृत आकडेवारी ठेवण्यास आरंभ केला. कोण किती यार्ड पळाला, कोणी किती वेळा चेंडू फेकला, किती झेलले गेले, हे सारे लिहिले जाऊ लागले. हे सर्व आकडे चेंडूमागे जाणारे होते. चेंडूला हात न लावणाऱ्या माणसासाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

वहीत जे नव्हते ते चित्रपटाने दाखविले. १९४६ साली पॉल ब्राऊन याने क्लीव्हलँडच्या नव्या संघाची सूत्रे हाती घेतली. त्याची वृत्ती शाळामास्तरांची होती. खेळाडूंना वर्गात बसवून तो फळ्यावर डाव समजावून सांगे, त्यांच्याकडून वह्या लिहवून घेई आणि सामन्यांचे चित्रीकरण पुन्हापुन्हा पाहून प्रत्येकाला गुण देई. पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी फळीचा प्रशिक्षक अंधाऱ्या खोलीत बसतो. तीच फिल्म पुढेमागे फिरवितो. प्रत्येक डावात प्रत्येक गड्याने नेमून दिलेले काम केले की नाही, याची अधिक-उणे अशी खूण करतो. आणि शेवटी शंभरांपैकी किती, याचा हिशेब मांडतो. या परीक्षणात एक मोठा गुण होता. कोणत्या डावात कोणाला काय सांगितले होते, हे प्रशिक्षकाला माहीत असे. दोषही एक होता. हे गुणपत्रक संघाच्या चार भिंतींबाहेर कधी जात नसे. फळीतल्या गड्याची खरी योग्यता मूठभर माणसांना ठाऊक होती, आणि तीच माणसे त्याचे वेतन ठरवीत होती.

१९५० साली वाटेल तितके गडी बदलण्याची मुभा कायमची मिळाली. तोवर तोच गडी दोन्ही बाजूंनी खेळत असे. आता हल्ल्याचे आणि बचावाचे गडी निरनिराळे झाले. आघाडीच्या फळीत खेळणे हा स्वतंत्र पेशा ठरला. १९५७ साली बाल्टिमोरच्या संघात आलेला जिम पार्कर हा या पेशाचा पहिला थोर पुरुष. ज्या जॉनी युनायटसच्या नावाने तो काळ ओळखला जातो, त्याचे रक्षण करणाऱ्यांत पार्कर अग्रणी होता. १९५८ आणि १९५९ या दोन्ही वर्षी बाल्टिमोरने अजिंक्यपद मिळविले. केवळ आघाडीच्या फळीत खेळून कँटनच्या कीर्तिमंदिरात प्रवेश मिळविणारा पहिला खेळाडूही पार्करच होता. तो मान त्याला १९७३ साली मिळाला, म्हणजे मंदिराचे दार उघडल्यावर दहा वर्षांनी.

मधल्या काळात एक असा प्रसंग घडला की, ज्याने फळीतल्या गड्याला प्रथमच सामान्य लोकांपुढे आणले. ग्रीन बे संघाचा प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डी हा स्वतः तरुणपणी फोर्डम विद्यापीठाच्या फळीत गार्ड म्हणून खेळलेला. त्याच्या आवडत्या डावाचा पायाच दोन गार्डवर होता. चेंडू हलताच दोन्ही गार्ड आपली जागा सोडून बाजूला धावत, कोपऱ्यावर वळत आणि मागून येणाऱ्या चेंडूवाल्याचा मार्ग झाडून काढीत. या दोघांपैकी उजवा गार्ड होता जेरी क्रेमर.

३१ डिसेंबर १९६७ रोजी ग्रीन बे येथे डॅलस संघाविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना झाला. सामना सुरू झाला तेव्हा तपमान शून्याखाली सुमारे २५ अंश सेल्सिअस होते. मैदान गोठून दगडासारखे झाले होते. अखेरची सोळा सेकंदे उरली असता ग्रीन बे १४ विरुद्ध १७ असा मागे होता आणि चेंडू सीमेपासून हातभर अंतरावर होता. क्वार्टरबॅक बार्ट स्टार याने चेंडू कोणाला न देता स्वतःच पुढे मुसंडी मारण्याचे ठरविले. क्रेमरने समोरच्या जेथ्रो प्यूला मागे लोटले, फट पडली, तीतून स्टार आत पडला आणि सामना २१ विरुद्ध १७ असा जिंकला गेला. दूरचित्रवाणीवर तो क्षण पुन्हापुन्हा दाखविण्यात आला. पहिल्यांदा लोकांनी स्टारला पाहिले. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्यांची नजर क्रेमरकडे गेली. एक गार्ड रातोरात प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रोजनिशीवजा पुस्तकाचे नावही या पुनर्दर्शनावरूनच दिलेले होते.

परंतु तेच चित्र आणखी एकदा संथपणे पाहिले तर त्यात तिसरा माणूस दिसतो. तो म्हणजे सेंटर केन बोमन. चेंडू मागे देऊन त्यानेही त्याच प्यूवर अंग टाकले होते. ती फट दोघांनी मिळून पाडली होती. कीर्ती एकाच्या वाट्याला आली, आणि तीही कशी? क्रेमरला कीर्तिमंदिरात प्रवेश मिळावयास २०१८ साल उजाडले. बोमनचे नाव जाणकारांखेरीज फारसे कोणी घेत नाही. कॅमेऱ्याने एक अन्याय दूर केला आणि नकळत दुसरा केला. फळीच्या कामाचे मोजमाप इतके अवघड का, याचे उत्तर या एका क्षणात आहे. हे काम बहुधा एकट्याचे नसते. ढकलणारे दोन असतात, वाट एक पडते, आणि श्रेयाची वाटणी करावयास बसले की तराजू डळमळतो.

यानंतरच्या काळात नियम बदलले. पूर्वी क्वार्टरबॅकचे रक्षण करताना गड्याला हात छातीशी आखडून ठेवावे लागत. १९७८ साली त्याला हात लांब करून उघड्या तळव्यांनी समोरच्याला थोपविण्याची परवानगी मिळाली. चेंडू फेकून खेळण्याचे युग सुरू झाले आणि रक्षणाचे महत्त्व शतगुणित झाले. फेकण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला पाडणे, याला सॅक म्हणतात. १९८२ पासून लीगने प्रत्येक खेळाडूच्या नावावर सॅकची अधिकृत नोंद सुरू केली. पण ती पाडणाऱ्याच्या नावावर. ज्याला चकवून तो आत शिरला, त्याचे नाव अधिकृत वहीत आले नाही; आणि ज्याने सामनाभर कोणालाही आत शिरू दिले नाही त्याचेही आले नाही. अधिकृत वृत्तात फळीतल्या गड्याचे नाव यावयाचे ते मुख्यतः त्याने नियम मोडला तर. प्रतिस्पर्ध्याला पकडून ठेवले म्हणून दहा यार्डांचा दंड, वेळेआधी हलला म्हणून पाच यार्डांचा दंड. जन्मभर इमानाने राबणाऱ्या माणसाची सरकारदरबारी नोंद फक्त गुन्ह्यांच्या वहीत असावी, तसाच हा प्रकार.

त्याच १९८२ च्या हंगामात वॉशिंग्टन संघाच्या फळीला तिचा प्रशिक्षक जो ब्यूगेल याने लाडाने ‘हॉग्ज’, म्हणजे डुकरे, असे नाव दिले. चिखलात लोळणाऱ्या, धिप्पाड, कष्टाळू अशा या गड्यांना ते नाव आवडले आणि लोकांनी ते उचलून धरले. ३० जानेवारी १९८३ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात त्यांच्या मागून पळणाऱ्या जॉन रिगिन्सने १६६ यार्ड मिळविले आणि वॉशिंग्टनने मायामीचा २७ विरुद्ध १७ असा पराभव केला. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू रिगिन्स ठरला. संपामुळे नऊच सामन्यांपुरत्या उरलेल्या त्या हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून वृत्तपत्रकारांनी निवड केली, ती याच संघातील मार्क मोझली याची. मोझलीचे काम पायाने चेंडू मारून गुण मिळविणे. त्याने २१ पैकी २० प्रयत्न साधले होते. निवड करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. २१ पैकी २० हा आकडा त्यांच्यापुढे होता. फळीचा आकडा कोणापुढेच नव्हता. आघाडीच्या फळीतल्या गड्याला तो मान आजवर एकदाही मिळालेला नाही.

जे निवड करणाऱ्यांना दिसले नाही ते काही काळाने बाजाराला दिसले. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याला न्यूयॉर्कच्या लॉरेन्स टेलरने पाडले. थाइझमनच्या उजव्या पायाचे हाड मोडले. तो पुन्हा कधी खेळला नाही. लाखो लोकांनी ते दृश्य घरी बसून पाहिले. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते. त्या न दिसणाऱ्या बाजूला उभा असतो डावा टॅकल. त्याचे काम चुकले तर संघाचा सर्वांत महागडा माणूस निकामी होतो, हे मालकांच्या ध्यानी येऊ लागले. १९९३ साली करार संपलेल्या खेळाडूंना वाटेल त्या संघाकडे जाण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि चांगल्या डाव्या टॅकलसाठी चढाओढ लागली. आतापर्यंत बंद खोलीत ठरणारी किंमत उघड्यावर ठरू लागली. २००६ साली मायकेल लुईस या लेखकाने या घडामोडीवर पुस्तक लिहिले आणि डावा टॅकल हा घरोघरी चर्चेचा विषय झाला. मात्र वेतन ही किंमत आहे, मोजमाप नव्हे. थाइझमन पडला त्या डावात चेंडू आधी रिगिन्सच्या हाती देऊन पुन्हा मागे घेतला होता. म्हणजे थोपविणाऱ्यांना नेहमीपेक्षा अधिक वेळ तग धरावयाचा होता. दोष फळीचा किती, डाव रचणाऱ्याचा किती, हे पगाराचा आकडा सांगू शकत नाही.

एकविसाव्या शतकात गणिती मंडळी या कामाला लागली. २००३ साली सुरू झालेल्या ‘फुटबॉल आउटसायडर्स’ या गटाने धावण्याच्या यार्डांची वाटणी करण्याची एक युक्ती काढली. गडी मागेच पडला तर त्याचा दोष फळीवर सव्वापटीच्या जवळपास धरावयाचा. पहिल्या चार यार्डांचे पूर्ण श्रेय फळीला द्यावयाचे. पाच ते दहा यार्डांचे निम्मे. त्यापुढचे सारे श्रेय पळणाऱ्याचे. यात व्यवहारी शहाणपण होते. दार उघडून देणे फळीचे काम. दारातून बाहेर पडल्यावर किती दूर जावे हे पळणाऱ्याच्या पायांवर अवलंबून. पण ही वाटणी पाच जणांना मिळून होती. पाचांत कोणाचा वाटा किती, याला तिच्यापाशी उत्तर नव्हते.

ते उत्तर शोधण्याचा उद्योग समुद्रापलीकडे झाला. इंग्लंडमधील नील हॉर्न्सबी या हौशी अभ्यासकाने काही सोबत्यांसह प्रत्येक सामन्यातील प्रत्येक खेळाडूला प्रत्येक डावासाठी उणे दोन ते अधिक दोन असे गुण देण्यास सुरुवात केली. पॉल ब्राऊनच्या अंधाऱ्या खोलीतले काम आता बाहेरच्या माणसांनी हाती घेतले. २०१२ साली लीगने प्रशिक्षकांसाठी उंचावरून केलेले, बावीसही गडी दिसतील असे चित्रीकरण लोकांना खुले केले. या गुणांवर प्रशिक्षकांचा आक्षेप एकच आहे, आणि तो खोटा नाही. डावा गार्ड त्या डावात कोणाला थोपविणार होता हे बाहेरच्याला ठाऊक नसते. शिरकाव जेथून झाला तेथला गडी दोषी दिसतो. पण इशारा चुकीचा देणारा सेंटर असू शकतो, ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ चेंडू धरून बसलेला क्वार्टरबॅकही असू शकतो.

शेवटी यंत्र आले. २०१४ पासून काही मैदानांवर आणि २०१५ पासून सर्वत्र खेळाडूंच्या खांद्यांवरील कवचात लहानसे प्रक्षेपक बसविण्यात आले. प्रत्येक गडी कोठे आहे, हे सेकंदाला दहा वेळा नोंदले जाते. या माहितीवरून २०१८ साली एका क्रीडावाहिनीने नवे माप तयार केले. चेंडू हलल्यापासून अडीच सेकंदे गड्याने आपल्या समोरच्याला थोपवून धरले तर तो जिंकला, नाहीतर हरला. हे माप पक्षपात करीत नाही, दमत नाही, कीर्तीला भुलत नाही. तरी तेही फार तर इतकेच सांगते की, गडी हरला. साथीदाराच्या मदतीला जाण्यासाठी त्याने आपली जागा सोडली होती काय, हे त्याला नीटसे उमगत नाही.

म्हणून हे सारे व्यर्थ आहे असे मात्र म्हणता येणार नाही. क्लीव्हलँडचा डावा टॅकल जो थॉमस याचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. २००७ ते २०१७ या काळात त्याने एकही डाव न चुकविता सलग १०,३६३ डाव खेळले. या सर्व वर्षांत त्याचा संघ एकदाही बादफेरीपर्यंत पोहोचला नाही. क्वार्टरबॅक येत होते नि जात होते. संघाच्या यशावरून माणूस तोलण्याची जुनी रीत चालू असती तर थॉमसचे नाव पराभवांच्या ढिगाऱ्याखाली गेले असते. परंतु चित्रीकरण पाहणारे डोळे आता पुष्कळ झाले होते. २०२३ साली, पात्र ठरताच पहिल्याच वर्षी, त्याला कीर्तिमंदिरात स्थान मिळाले. पडक्या घराचाही एखादा खांब अभंग असू शकतो, हे मान्य करण्याइतकी दृष्टी या मोजमापांनी दिली.

तरीही एक खाते असे आहे की, ते फार उशिरा उघडले गेले. पिट्सबर्गच्या संघाचा सेंटर माइक वेब्स्टर याने १९७४ ते १९९० अशा सतरा हंगामांत २४५ सामने खेळले. पिट्सबर्गच्या चार अजिंक्यपदांत त्याचा वाटा होता. १९९७ साली तो कीर्तिमंदिरात गेला. प्रत्येक डावात फळीतल्या गड्याचे डोके समोरच्याच्या डोक्यावर आदळते. कोसळून पडण्याइतका तो आघात मोठा नसतो, म्हणून कोणी तो मोजीत नाही. खेळणे थांबल्यावर वेब्स्टरची स्मृती ढळली, झोप उडाली, काही काळ त्याला राहावयास निश्चित ठिकाणही उरले नाही. २००२ साली वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो मरण पावला. अ‍ॅलेघेनी परगण्याच्या शवचिकित्सालयात काम करणारे, मूळचे नायजेरियाचे डॉक्टर बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली. वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूची झीज करणारा रोग व्यावसायिक फुटबॉलपटूत त्यांना प्रथमच आढळला. २००५ साली त्यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. इतकी वर्षे प्रश्न विचारला जात होता तो असा की, या माणसाने संघाला काय मिळवून दिले? या माणसाकडून खेळाने काय घेतले, हा दुसरा प्रश्न त्या शवचिकित्सालयात विचारला गेला.

अ‍ॅलेघेनी शहर १९०७ साली पिट्सबर्गमध्ये विलीन झाले. ज्या भूमीवर हेफेलफिंगरच्या नावापुढे ५०० डॉलर लिहिले गेले, तेथेच सव्वाशे मैलांच्याही आत नव्हे, अगदी त्याच नगरीत, वेब्स्टरच्या मेंदूचे परीक्षण झाले. या दोन नोंदींच्या मध्ये एकशेदहा वर्षांचा हिशेब आहे. प्रशिक्षकाचे गुणपत्रक, कॅमेऱ्याची फिल्म, सॅकची नोंद, बाजारभाव, अभ्यासकांचे गुण, यंत्राचे आकडे, यांपैकी प्रत्येकाने त्या हिशेबात एकेक ओळ भरली आणि प्रत्येकाकडून काहीतरी राहून गेले. २०२५ साली लीगने आघाडीच्या फळीतल्या सर्वोत्तम गड्यासाठी स्वतंत्र पारितोषिक जाहीर केले. तोवर फळीतल्या एकेका गड्यासाठी असे वेगळे पारितोषिक लीगने ठेवले नव्हते. ते पारितोषिकही एकाच गड्याला मिळणार. क्रेमरच्या शेजारी बोमन होता, याची आठवण ते देणाऱ्यांना ठेवावी लागेल.